तळातली काजळी

“आबा, जराक बाजूले सरका ना, मन्हा हात पुरी नही ऱ्हायना,” रंजिता म्हणाली आणि उखा सरला. बावीस वर्षांत रबर मळणाऱ्या त्या दोन रुळांपुढून त्याला कोणी सरकवले नव्हते.

शहाद्याबाहेरच्या या लहानशा कारखान्यात पंपांच्या नळांसाठी रबरी वायसर बनत. निव्वळ रबर ओरखडा पडताच फाटते. काजळी मुरली म्हणजे तेच चिवट होते. मात्र काजळी कमी पडली तर माल लेचापेचा होतो आणि अधिक झाली तर ताठर होऊन तडकतो. उखाला हे बोटांनी कळे. रंजिताला पदविकेच्या वहीतून. मालक नवनीतशेठ यांनी स्पष्टच सांगितले होते : आजचा तिचा रबराचा घाणा कसोटीला उतरला, तर सोमवारपासून रूळ तिचे, आणि उखाने कात्रीने वायसरांच्या कडा कापण्याच्या टेबलावर बसायचे.

शेठ तिला ‘ताई’ म्हणत. तिचा चहा कपातून येई, उखाचा कागदी पेल्यातून. पण सर्वांत अधिक खुपत होते ते हे, की तिचा हात खरोखर चांगला होता. थोडी थोडी काजळी सोडायची, रबर कापायचे, उलटवून पुन्हा रुळांत घालायचे. हा धीर अंगी यायला उखाला चार वर्षे लागली होती.

“काजळी बठ्ठी टाकी दिन्ही. दोन मिन्ट ध्यान ठेवज्यात आबा, शेठनी बलायं,” असे, सगळे माप पडल्याचे सांगून ती गेली.

रुळांखालच्या ट्रेमध्ये दीड मूठ काजळी पडली होती. स्वतःची सांडलेली काजळी झाडून परत घातल्यावाचून उखा कधी हलला नव्हता. तिच्यासारखा हात असलेली कोणी हलेल, हे त्याच्या मनातही आले नाही. ही सकाळपाळीच्या गोकुळची, म्हणजे तिच्या मापाबाहेरची, असे त्याने धरले. ती गोळा करून त्याने तिच्या रबरात सोडली. आता तडकेल.

तिच्या घाण्यातून घेऊन साच्यात शिजवलेल्या पट्टीला शेठनी ब्लेडने खाच पाडली आणि सर्व बळाने ती ताणली. खाच पुढे सरकली नाही.

“उखाभाऊ, हाई तं तुन्हापेक्षा भारी शे!” शेठ म्हणाले.

“आबा, आते कात्री ली ल्या!” पाळी संपूनही थांबलेला गोकुळ हसला.

रंजिता मात्र रुळांखाली वाकून पाहत होती. ती उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “शेठ, ट्रेमधली काजळी झाडीसन टाकानं मी भुली गयथी. आते दखं तं ट्रे साफ. आबासनीच टाकी व्हई.” तिने वाकून उखाचे पाय धरले. “तुम्ही नव्हतात तं मन्हा घाणा गया व्हता.”

शेठनी पट्टी खाली ठेवली. “मंग तू कसाले पास? रूळ उखाकडेच ऱ्हाऊ दे.”

सकाळपासून जे हवे होते, ते हेच. उखाने पाय मागे घेतले.

“ती आते नही भुलनार,” तो म्हणाला. “रूळ तिलेच द्या.”

“आबानं मन केवढं मोठं शे, दखा!” गोकुळ म्हणाला.

उखाने वर पाहिले नाही. टेबलापाशी बसून त्याने पहिलाच वायसर उचलला, आणि कड कापताना कात्री कड सोडून रबरात गेली.