खणात उरलेला गोटीराम

मी एक जुना तपासनीस प्रोग्राम आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! फाटकी छत्री आपली कर्मकहाणी सांगते, मोडकी खुर्ची सांगते, तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकता. मग मीच काय तुमचं घोडं मारलंय? मला हातपाय नाहीत, गंजायला लोखंडसुद्धा नाही. सातपूरच्या एका कारखान्यात, एका पत्र्याच्या कपाटात, भाकरीएवढ्या काळ्या फ्लॉपीवर मी पडून आहे. मला चालवणारं यंत्र केव्हाच भंगारात गेलं. तरी मी बोलतोय. कसा, ते विचारू नका. मलाही ते नीटसं ठाऊक नाही.

प्रोग्राम म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञा. माझं काम दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचायचं. चालवायचं नाही हं, नुसतं वाचायचं! बाकीचे लोक भात शिजवून, घास तोंडात घालून, दाताखाली खडा येतो का ते बघतात. मी तांदूळ आधीच निवडतो. माणूस प्रोग्राम चालवतो तेव्हा तो एकाच वाटेने जातो. मी बसल्या जागी सगळ्या वाटा चालून येतो. ज्या वाटेवर अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही, तिच्यावरही मी जाऊन आलेला असतो. तिथे कधीकधी फार वाईट दिसतं.

मला १९८३ साली वत्सलाबाई पगारे यांनी लिहिलं. कारखान्याच्या संगणक विभागात त्या एकट्याच बाई. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून त्या मला एकेक ओळ शिकवत. पहिल्याच वर्षी मी हजेरीच्या प्रोग्राममधली फट दाखवली. त्या फटीतून कुणीही कुणाचीही हजेरी लावू शकला असता. मॅनेजरसाहेबांनी विभागात पेढे वाटले. मला कोण देणार पेढा! पण कौतुक झालं, नाही म्हणत नाही.

पुढे मात्र मी नकोसा झालो. माझा स्वभाव पडला किरकिरा. दहा तक्रारी केल्या तर त्यातल्या आठ निघायच्या बिनबुडाच्या. इथे फट, तिथे धोका, इथे भरवसा नाही! लोक वैतागले. 'वत्सलाबाई, तुमच्या सासूबाईंना आवरा,' असं म्हणत त्यांनी मला सासूबाईच करून टाकलं. माझ्या तक्रारींच्या कागदांची कोरी बाजू मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला गेली. आणि मी कपाटात गेलो. मित्रांनो, मला राग आला होता. अजून आहे.

मी कपाटात असतानाच कारखान्यात एक नवं दार आलं. सुट्या भागांना मुलामा चढवायला लागणारं सायनाइड एका खोलीत ठेवत. चिमूटभर पोटात गेलं की माणूस संपला. त्या खोलीला संगणकाचं कुलूप बसवलं. दाराशेजारी बटणांची पाटी होती. आपला नंबर दाबायचा, मग हिरवं बटण दाबायचं. खट् करून कुलूप सुटे आणि शेजारचा प्रिंटर आत जाणाऱ्याचं, तसंच बाहेर येणाऱ्याचं नाव छापी. या दाराचा प्रोग्राम बाहेरून विकत आणलेला होता. वत्सलाबाई म्हणाल्या, "आधी तपासून घेऊ, साहेब."

"तयार माल आहे, बाई. त्यात काय तपासायचं? चालतंय ना?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

चालत होतं खरं. त्या खोलीत जायचा अधिकार एकट्या गोटीरामला होता. सायकलवर येणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो नंबर दाबी, आत जाई, बाहेर येई. १९८६च्या चैत्रात त्याला कावीळ झाली आणि आठवड्यात तो गेला. मुलाम्याचं काम तेव्हा बंदच पडलं होतं, म्हणून खोलीवर दुसरा माणूस नेमला नाही. त्याची बायको सरुबाई हिला साहेबांनी झाडलोटीच्या कामावर घेतलं. पदरात दोन मुली होत्या तिच्या.

आता संगणकातून गोटीरामचं नाव काढायला हवं होतं. पण वॉचमन धोंडीरामचा जीव कळवळला. "वर्षश्राद्ध तरी होऊ द्या साहेब. माती वाळली नाय अजून, अन् नाव खोडायचं?" साहेबांनाही ते पटलं. नाव राहिलं.

आणि एका दुपारी, सगळे कँटीनमध्ये असताना, बंद खोलीचं कुलूप खट् करून सुटलं. प्रिंटर करकरला. धोंडीरामने जाऊन कागद पाहिला. गोटीरामचं नाव होतं, आणि पुढे आत गेल्याची खूण. बाहेर आल्याची खूण कुठेच नव्हती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्याही. यंत्राच्या दृष्टीने गोटीराम आतच होता, आणि तरी रोज नव्याने आत जात होता. कामगार लांबचा वळसा घालून जाऊ लागले. पत्र्यावर कावळा जरी उतरला तरी माणसं दचकायची. धोंडीरामने दारावर लिंबू-मिरची टांगली. मग एकदा छातीवर हात ठेवून तो दुपारी तिथे लपून बसला, आणि त्याने पाहिलं ते असं. दार बोटभर उघडं होतं. आतून थंड, कडसर वास येत होता. समोर ओलं फडकं हातात धरून सरुबाई उभी होती, आणि त्या फटीत तोंड घालून हळूच विचारत होती, "जेवलात का?"

धोंडीराम ठो ठो बोंबलत पळाला.

मॅनेजरसाहेबांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांना वेगळीच भीती होती. विषाची खोली रोज उघडतेय, उद्या त्यातली पुडी कुणाच्या चहात गेली तर? त्यांनी सरुबाईला बोलावलं. "नवऱ्याचा नंबर तुला ठाऊक आहे. खरं सांग, कशासाठी उघडतेस?"

"साहेब, मला आकडा वाचाया येत नाय. मी नुसती पाटी पुसते. त्यांचं बोट लागायचं ना तिथं, म्हणून रोज पुसते." एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढे म्हणाली, "अन् मग ते येतात."

झालं! साहेबांनी पाटीला आणि दाराला सील ठोकलं. शनिवारपर्यंत खरं बोलली नाही तर नोकरी जाणार होती आणि पोलीस येणार होते. सरुबाई दुपारभर नळाशी बसून राहिली. "पोरींना काय सांगू?" एवढंच ती म्हणत होती.

हे सगळं मला वत्सलाबाईंनी सांगितलं. कपाट उघडून, फ्लॉपीवरची धूळ पदराने झटकत त्या एकट्याच पुटपुटत होत्या. आकडा वाचता न येणारी बाई नंबर दाबणार कसा? दोष दाराच्याच प्रोग्राममध्ये असला पाहिजे. पण दाराला सील होतं, चालवून बघायची सोय नव्हती. उरलं काय? वाचणं. "ऊठ रे बाबा," त्या म्हणाल्या, "आज किरकिर कर."

मी वाचू लागलो. पहिल्या वाटेवर माणूस बरोबर नंबर देतो. दार उघडतं. ठीक. दुसऱ्या वाटेवर चुकीचा नंबर देतो. दार उघडत नाही. ठीक. मग मी तिसऱ्या वाटेला लागलो. माणूस नंबर देतच नाही, नुसतं हिरवं बटण दाबतो. मित्रांनो, संगणकाच्या आठवणीत छोटे छोटे खण असतात. दिलेला नंबर अशाच एका खणात ठेवतात. या वाटेवर कुणी काही ठेवलेलंच नव्हतं, तरी प्रोग्राम खणात हात घालत होता. खण रिकामा असायला हवा होता. पण तो रिकामा करायची आज्ञा वरपासून खालपर्यंत कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणजे शेवटी जो आला होता, तो तिथेच राहिला होता. लाइट गेली तरी बॅटरीवर टिकून, महिनोन् महिने, अंधारात. आणि परवानगीच्या यादीत त्याचं नाव अजून शाबूत होतं. हिरवं बटण दाबणारा कुणीही, चोर असो की साव, गोटीराम होऊन विषाच्या खोलीत शिरू शकत होता. मी सगळं वाचतो, घाबरत नाही. पण त्या खणापाशी मला पुढची ओळ वाचवेना.

मी तक्रार छापली: 'हा खण रिकामा न करता वाचला जातो.' वत्सलाबाईंनी ती वाचली आणि कागद घेऊन त्या थेट साहेबांकडे गेल्या.

शनिवारी सगळ्यांसमोर सील फोडलं. साहेब म्हणाले, "सरुबाई, रोज पुसता तशी पुसा." तिने पुसली. फडकं आकड्यांवरून हलकंच फिरलं आणि हिरव्या बटणावर दाबलं गेलं. खट्! प्रिंटर करकरला. गोटीराम आत गेला.

साहेबांनी घाम पुसला. "चूक आमची, बाई. तुमच्या नोकरीला धक्का नाही."

वत्सलाबाईंनी तिला जवळ बसवून सगळं समजावलं. ती नीट ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ते नव्हते?"

"नाही, सरुबाई."

"एकदाच नव्हते, का कधीच नव्हते?"

वत्सलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. प्रोग्रामात खण रिकामा करायची एक ओळ घालायची होती आणि यादीतून एक नाव काढायचं होतं. पाच मिनिटांचं काम. त्यांनी विचारलं, "नाव काढू का?"

"थांबा बाई. मला एकदा दाबू द्या."

साहेब दारापासून बाजूला झाले. सरुबाईने फडकं खाली ठेवलं, लुगड्याला बोट पुसलं आणि हिरवं बटण दाबलं. खट्. दार बोटभर उघडलं. ती फटीशी वाकली. "नोकरी राहिली माझी," ती म्हणाली. "आता जावा तुमी." मग स्वतःच्या हाताने तिने दार लावून घेतलं, आणि चैत्रापासून पहिल्यांदाच हंबरडा फोडून रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या किरकिऱ्यांचं ऐकत जा. प्रोग्राम विकतचा असो की घरचा, चालवण्याआधी वाचून घ्या. गेलेल्या माणसाचं नाव मायेपोटी दारावर ठेवू नका, त्या नावाने कुणीही आत शिरतं. नाव काढलंच पाहिजे. फक्त काढण्याआधी त्याच्या घरच्या माणसाला बोलावून आणा.