पिवळ्या थाळ्यांतली मादी

आश्रुबा मेंढपाळाच्या लेकीला, सुकन्याला, माश्यांचं वेड लागलं होतं. आणि माश्या तरी कसल्या, तर तिळावर मावतील एवढ्या परोपजीवी गांधीलमाश्या! कोळ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालायचं आणि पोराच्या जेवणाची आयती सोय लावायची, हा त्यांचा धंदा. नेकनूरच्या माळावरचे नर तिने विद्यापीठातल्या मॅडमना दाखवले होते. मॅडम म्हणाल्या, "नर सगळे सारखेच दिसतात. मादी आण, मग जात ठरवू. सोमवारपर्यंत नाही मिळाली तर संशोधनाचा विषय बदल."

विषय बदलायला सुकन्या तयार नव्हती. माश्या पिवळ्या रंगाला भुलतात, म्हणून तिने पिवळ्या प्लास्टिकच्या थाळ्यांत साबणाचं पाणी भरून त्या बांधावर दगडांवर मांडल्या होत्या. रविवारी उन्हं कलल्यावर जाऊन बघते तर काय, दगड बाजूला, थाळ्या काठापर्यंत जमिनीत पुरलेल्या आणि प्रत्येकीत भंडाऱ्याचा चिखल!

"मायं, हे काय केलंस?"

रतनबाई शांतपणे म्हणाली, "खंडोबाचा वार हाय. पिवळ्या थाळ्या बघून वाटलं, नवस बोललीस. देवाचं ताट दगडावर डुगडुगतं ठेवत्यात व्हय? सकाळीच नीट रवून दिलं."

"नवस न्हाई गं, माश्या धरायच्यात!"

"मंग देवाला कावून न्हाई सांगितलंस?"

हसावं की रडावं, सुकन्याला कळेना. तिने ओढणीतून पाणी गाळलं आणि गाळ भिंगाखाली धरला. मुंग्या, मुंग्या, आणखी मुंग्या. आणि त्यांत एक भलतीच! गोल गरगरीत, पंखांचा पत्ता नाही, पण मिशांच्या टोकाला खास मादीचा गोंडा.

या मादीच्या कोकणातल्या बहिणींना पंख असतात, म्हणून सुकन्या वर्षभर पंखच शोधत बसली होती. ही इथली बया तर पायी हिंडत होती! दगडावरच्या थाळीत ती पडणार कशी?

"मादी! मादी सापडली!" सुकन्या अशी किंचाळली की मेंढरं बुजली.

आश्रुबा धावत आला. कळपात मादी जन्मली की भंडारा उधळायचा, ही त्याच्या घरची रीत. "कोणती व्याली?" विचारता विचारता त्याने मूठ उधळलीसुद्धा. "येळकोट येळकोट जय मल्हार!"

"आबा, थांबा! लई बारीक हाय, हरवंल!" सुकन्याने मादीला झटकन कुपीत घातलं आणि नाचतच मॅडमना फोन लावला.

मॅडम हरखल्या. "शाब्बास! पण पद्धत काय वापरलीस? सविस्तर लिहावी लागेल."

सुकन्याने फोन आईच्या हातात दिला. रतनबाईने डोक्यावरून पदर घेतला, घसा खाकरला.

"रामराम बाई. लिवून घ्या. आधी आंघूळ करायची."