सोवळ्यातला अँटेना

“पाय नीट पसरून उभा राहा. आणि याला कुणी शिवायचं नाही, सांगून ठेवतो!”

पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं, दुसरं घरातल्या माणसांसाठी. बोलणारे होते अनिरुद्धराव. त्यांनीच मला घडवलं. आज ते नाहीत, पण वारा सुटला की त्यांचा आवाज माझ्या नळीतून अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत, एका गच्चीवर, लोखंडी खांबाच्या टोकाला मी उभा असे. उभं राहणं हेच माझं व्रत. पण स्वस्थता मात्र माझ्या वाट्याला कधी आली नाही. वारा आला की डोलायचं, ऊन चढलं की तापायचं, आणि हवेतून येईल ते सगळं ऐकायचं. लॉरीवाल्यांच्या गप्पा, समुद्रापलीकडची अनोळखी बोली, शेजारच्या दिव्यांची करकर. मला कान मिटता येत नाहीत हो.

माझा रेडिओ लहान, परवाना न लागणारा. त्याची लाट अकरा मीटर लांब. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी माझी उभी नळी, आणि नळीच्या बुडाशी तेवढेच लांब, खाली कललेले चार पाय. माझ्यासारखेच आणखीही असतात. अर्ध्या लाटेएवढा अँटेना पायांशिवाय उभा राहतो, पण त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं लागतं, आणि पावसाचं पाणी शिरलं की ते रुसतं. लाटेच्या आठातल्या पाच हिश्श्यांएवढा त्याहून उंच. समईचा उजेड छतालाही लागतो, तसा माझा आवाज थोडा आभाळाकडे जातो. त्या उंच भावाचा आवाज जमिनीलगत पसरतो, म्हणून थोडा लांब पोचतो. अनिरुद्धराव म्हणत, “आपल्याला पापनाशमपर्यंत जायचंय. मधे डोंगर नाही, नुसती भातशेती. चार पायांचा पुरे.”

पापनाशमला सुंदरी राहते. अनिरुद्धरावांच्या पत्नीची, वेंकूबाईंची, ही धाकटी बहीण. तिला आता दिसत नाही. फोनची गुळगुळीत काच तिच्या बोटांना सापडत नाही, पण रेडिओचं एकच बटण सापडतं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

दोघी बहिणींचं लहानपणापासून एक व्रत आहे. रोज सकाळी एकीने त्या वाराची कहाणी सांगायची, दुसरीने “हूं” म्हणायचं. हुंकार देणारं कुणी नसेल तर कहाणी पोचली नाही, आणि कहाणी पोचल्याशिवाय दोघींनी जेवायचं नाही. सुंदरीच्या घरात मराठी समजणारं दुसरं कुणी उरलं नाही. म्हणून वेंकूबाईंची कहाणी रोज माझ्या अंगावरून जाई, आणि सुंदरीचा हुंकार माझ्याच अंगावरून येई. देवाचं काम म्हणून मी ते जीव ओतून करत असे.

सुंदरीकडे मात्र अँटेना म्हणून खिडकीला बांधलेली नुसती एक तार. “तुझ्याही माडीवर असाच उभा करून देतो,” अनिरुद्धरावांनी रेडिओवरूनच शब्द दिला होता.

“कधी, भावजी? मी म्हातारी झाल्यावर?”

“ती तू झालीसच की! कालव्याला पाणी सुटू दे, आलोच.”

कालव्याला पाणी सुटलं. ते राहिले नाहीत.

त्यानंतरही व्रत चालू होतं. मग घरात भाडेकरू आले, आणि काही दिवसांतच माझा आवाज बसला. तोही फक्त सकाळचा!

“अक्का, तू विहिरीतनं बोलतेस काय गे?” सुंदरी विचारी.

“आता ऐकू येतं?”

उत्तरात नुसती खरखर. वेंकूबाई कहाणी संपवत, बटण सोडत आणि वाट पाहत. हुंकार येत नसे. मग ताटावर पुन्हा झाकण पडे. तिकडे सुंदरीही उपाशी.

कॉलेजात शिकवणारी त्यांची पुतणी, श्रीविद्या, धावत आली. “काकी, दोन घास खा. ती ‘हूं’ म्हणाली असेल गे.”

“असेल म्हणून जेवायचं नसतं, बाळ.”

का बिघडलं ते मला ठाऊक होतं. पण दुसऱ्यांचे आवाज वाहणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो. खांबावर मी नुसता तळमळत होतो.

श्रीविद्याने नवा, उंच अँटेना आणला. ती न्यायाने वागली, एवढं म्हणतो. एकाच खांबावर, एकाच केबलला, दुपारच्या उन्हात तिने आधी मला तपासलं, मग त्याला. आवाजाचा जोर दाखवणारी रेडिओची सुई त्याच्या वेळी केसभर पुढे गेली, एवढाच फरक. ती कपाळाला आठ्या घालून बसली. “दुपारी तर हाही ठणठणीत आहे! मग सकाळीच का मरतो?”

तरी खांबावर चढला नवाच. मला तुळशीमागे आडवं ठेवलं. उभ्याचं व्रत घेतलेल्याला आडवं निजवलं की काय वाटतं, ते कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंकूबाई गच्चीवर आल्या. एका हातात पिळलेली ओली नऊवारी, दुसऱ्या हातात कपडे उंच वाळत घालायची काठी. वर पाहून त्या थबकल्या. नव्याला पाय असे नव्हतेच, हातभर लांबीचे तीन काटे तेवढे.

“श्रीविद्या, याचे हात कुठे गेले गे? साडी कुठे घालू?”

“कसली साडी?”

“मडीची. सोवळ्याची, दुसरी कुठली! दोरीवर भाडेकऱ्यांचे कपडे असतात, तिथे कशी घालू? रोज त्या जुन्याच्या हातावर घालत होते. तुझे काका म्हणालेच होते, याला कुणी शिवायचं नाही. मग याहून सोवळ्याची जागा कुठली?”

श्रीविद्या तिथेच, गच्चीच्या पायरीवर बसली. “ऐयो काकी! ओली नऊवारी? त्याच्या पायावर?”

“पाय?” वेंकूबाईंनी चटकन माझ्याकडे वळून नमस्कार केला. “मी हात समजत होते.”

दोघी हसल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या. साडीचा ओला घोळ रोज सकाळी माझ्या बुडाशी, तारेच्या जोडाला चिकटून बसे आणि माझा आवाज गिळून टाकी. दुपारी साडी वाळून खाली गेलेली, म्हणून मी बरा!

मित्रांनो, जुन्या वस्तूचा आवाज बसला, तर तिला अडगळीत टाकण्याआधी एकदा बघा, तिच्या अंगावर आपणच काय वाळत घातलं आहे ते.

त्या सकाळी कहाणी झाली. तिकडून सुंदरी म्हणाली असावी, “हूं.” असावी! खिडकीच्या तारेचा हुंकार तो. गल्लीत रोज नवे दिवे लागताहेत, त्यांच्या वाढलेल्या करकरीत तो विरून गेला. श्रीविद्याने वेंकूबाईंकडे पाहिलं. वेंकूबाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वर येऊन तुळशीपाशी, माझ्याजवळ बसून राहिल्या.

“त्यांनी शब्द दिला होता,” एवढंच त्या हळूच म्हणाल्या.

“काकी, उद्या मी कॉलेजातून परस्पर पापनाशमला येते,” श्रीविद्या म्हणाली. “सुंदरीच्या माडीवर याला उभा मी करीन.”

आज पूजा आटोपून वेंकूबाई रेडिओपाशी बसल्या. “सुंदरी, आजची कहाणी दुपारी. तोवर जेवू नकोस.”

खरखरीतून पुसटसं आलं, “का गे, अक्का?”

वेंकूबाईंनी रेडिओ बंद केला. माझी नळी एकात एक सरकवली, चारही पाय सोडवून एकत्र बांधले आणि मला त्याच नऊवारीत गुंडाळलं. या वेळी ती कोरडी होती.

दारात भाडेकरीण वरलक्ष्मी तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, घालत होती. तिने हात पुढे केला. “जड दिसतंय, मामी. बसपर्यंत मी आणू?”

“शिवू नकोस गे,” वेंकूबाई मंद हसून म्हणाल्या. “मडी आहे.”

मग मला छातीशी धरून, ओठांतल्या ओठांत आजची कहाणी घोळवत, कोलमला पाय न लावता त्या गल्लीत उतरल्या.