पाव तास आधीची अजान

मी अँटेना बोलतेय. रेडिओ नव्हे, अँटेना. रेडिओला सगळे ओळखतात. त्याला बटणं आहेत, हिरवा दिवा आहे, आणि स्वतःचा म्हणून एक शब्द नाही. तो जे काही बोलतो, ते मी आणून दिलेलं असतं. हे मी त्याच्या तोंडावरही सांगते.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या आणि टोकाला मण्याएवढी गोळी, एवढाच माझा देह. बोटीनं समुद्र ओलांडून मी अल्जीरियात, वहरानच्या बंदरात उतरले. तिथे एका प्यूजो गाडीच्या पुढच्या मडगार्डवर मला बसवलं. पहिला मालक औषधांचा दुकानदार होता. बातम्या लागल्या की तो गाडीची काच खाली करायचा. उकाड्यासाठी नव्हे, आपल्या गाडीत रेडिओ आहे हे गल्लीला कळावं म्हणून.

दुकानदार थकला आणि गाडी कुइदरकडे आली. कुइदरनं तिला पिवळी टॅक्सी केलं. वहरान ते तिलमसान, आणि परत. त्या रस्त्यावर मी माणसं खूप ऐकली. गाणं लागलं की ती हळू बोलतात, बातम्या लागल्या की भांडतात, आणि फुटबॉलची मॅच लागली की ड्रायव्हरला रस्ताच दिसत नाही. लग्नसराईत माझ्या कमरेला पांढरी फीत बांधायचे. वाऱ्यावर ती फडफडली की मला वाटायचं, नवरी मीच. मला जरा नटायची हौस आहे, ते नाकारत नाही.

आणि नेमकं लग्नातच माझं नशीब फिरलं. कुइदरच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं गाडी पुन्हा रंगवून घेतली. रंगाऱ्यानं मला उपटून बाजूला ठेवलं, पत्र्यावर पिवळ्या रंगाचे दोन जाड हात मारले आणि वाळल्यावर मला जागेवर आवळून टाकलं. गाडी झकास दिसत होती. वरातीत ढोल आणि हॉर्न एवढे, की रेडिओ नुसता खरखरतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलं. बातम्या लावल्या तर खरखर, गाणं लावलं तर खरखर. टॅक्सी थांब्यावर मग जो तो वैद्य झाला.

"अँटेना म्हातारी झाली, कुइदर. फेकून दे," एकजण म्हणाला.

"फेकू नको. टोकाला बटाटा खोच," दुसरा म्हणाला. "माझ्या मेव्हण्यानं खोचला होता. थेट पॅरिस लागायचं."

"तुझ्या मेव्हण्याच्या गाडीत रेडिओ तरी आहे का?"

पण कुइदरनं खरंच बटाटा खोचला. तो डोक्यावर मिरवत मी तिलमसानपर्यंत गेले. रस्त्याकडेचे मेंढपाळ काठ्या उंचावून हसत होते. माझ्या आयुष्यात इतकी नामुष्की दुसरी नाही. नंतर माझ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून झाली, मला वाकवून झालं, शिव्या तर रोजच्याच. खरखर हटली नाही.

रमजान तोंडावर आला होता, तोही जूनमधला, मोठ्या दिवसांचा. संध्याकाळच्या फेरीत वाटेवर ना मशीद ना भोंगा, रोजा कधी सोडायचा ते गाडीचा रेडिओच सांगणार. मुक्या रेडिओच्या गाडीत कोण बसेल? प्रवासी कुइदरला सलाम करून पुढच्या टॅक्सीकडे जाऊ लागले.

एका सकाळी तो अंगणात रेडिओ उघडून बसला होता. त्याची बायको मोख्तारिया पुदिना निवडत होती.

"अहो, त्याचं पोट कशाला फाडताय?"

"बिघडलाय तो."

"लग्नाआधी वाजत होता?"

"खणखणीत."

"मग लग्नासाठी तुम्ही काय केलंत? गाडीला रंग दिलात. मग त्या रंगाला विचारा की. रेडिओ बिचारा काय सांगणार?"

कुइदर रेडिओ तसाच टाकून उठला. मग पाना घेऊन माझ्याकडे आला. नट सैल करून त्यानं मला उचललं. माझ्या पायाखाली रंगाचा थर होता, त्याच्या कडेनं गंज. माणसं माझं टोक बघतात, पाय कुणी बघत नाही. माझा पाय गाडीच्या उघड्या पत्र्याला भिडला तरच मला अर्थिंग मिळतं आणि ऐकू येतं. रंगावर उभं केलं तर मी बहिरी. त्यानं पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, माझा पाय घासला, रेडिओकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाचा गंज काढला आणि मला पुन्हा आवळून वरून ग्रीस लावलं.

बटण फिरवलं आणि वहरानचं केंद्र असं लागलं, की निवेदकानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मला रडूच आलं असतं, सोय असती तर.

"पाहिलंस? केला की नाही दुरुस्त!" कुइदर म्हणाला.

"तुम्हीच केलात हो," मोख्तारिया म्हणाली आणि पुदिन्याकडे वळली.

त्या दिवसापासून कुइदर आणि मी, दोघंही हवेत. तो प्रवाशांना बटण फिरवून लांबलांबची केंद्रं ऐकवायचा आणि मी आणून द्यायचे. संध्याकाळी तर लांबचे आवाज आपण होऊनच चालत येतात, ते वेचायचं काम फक्त माझं.

रमजानच्या मध्यावर एके दुपारी आमच्या गाडीत रहमूना नावाची एक म्हातारी बसली, बरोबर तिची नात गिझलान. पोरगी आठेक वर्षांची, जरीचा झगा, हातभर मेंदी, ओठ सुकलेले.

"पोरीचा पहिला रोजा आहे, बाबा," रहमूना म्हणाली. "तिलमसानला सगळं घर वाट बघतंय. तिला उंच गादीवर बसवायचं आणि शरबतात चांदीची अंगठी टाकून प्यायला द्यायचं. उजेड आहे तोवर पोचव."

"पोचलोच म्हणा, खालती," कुइदर म्हणाला. आमच्याकडे मावशीच्या वयाच्या बाईला खालतीच म्हणतात.

मागे मेंढ्यांचे दोन व्यापारी बसले, थोरला लखदर आणि त्याचा धाकटा भाऊ. गाडी निघाली आणि अर्ध्या वाटेत टायर बसलं. सुटं टायरही तसंच मऊ निघालं. ते नीट करून आणेपर्यंत ऊन उतरलं. आता घरी पोचणं शक्य नव्हतं. पोरीचा पहिला रोजा गाडीतच सुटणार होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मेंदीच्या हातानं पुसलं. रहमूनानं टोपलीतून शरबताची बाटली काढली, कप काढला आणि बोटातली अंगठी त्यात टाकली.

"गादी नाही तर नाही. माझ्या मांडीवर बस. रोजा पुरा झाला म्हणजे झालं."

गाडी डोंगरातल्या घळीत शिरली. सूर्य डोंगराआड गेला आणि वहरानचं केंद्र विरू लागलं. कुइदरनं बटण फिरवलं. एका जागी कुराणपठण लागलं, स्वच्छ, जवळचं वाटावं असं. रोजा सुटण्याआधी सगळीच केंद्रं तेच लावतात. त्याला वाटलं, आपलंच आहे.

मला मात्र ठाऊक होतं. तो आवाज पूर्वेकडून येत होता, राजधानी अल्जिअर्सहून. तिथे सूर्य आमच्या पाव तास आधी बुडतो. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, बहिरी होते तेच बरं होतं.

अजान सुरू झाली.

"ऐका! ऐका, कशी लागलीय!" कुइदरनं गाडी कडेला घेतली आणि खजुराची पिशवी मागे दिली. "बिस्मिल्ला, मंडळी!"

त्यानं खजूर तोंडात टाकला. दोघा भावांनीही टाकला. गिझलाननं दोन्ही हातांनी कप ओठांशी नेला.

"थांब," रहमूनानं कपावर हात ठेवला. "पहिला रोजा आहे. आधी दुआ."

आणि ती दुआ करू लागली. आजोबांसाठी, पणजीसाठी, युद्धात गेलेल्या दोन भावांसाठी, समुद्रापलीकडे राहणाऱ्या लेकासाठी, शेजारणीच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी.

"खालती, पोरीचा घसा सुकला," लखदर भरल्या तोंडानं म्हणाला.

"सुकू दे. शेजारीण तुझी नाही, माझी आहे."

एवढी लांबलचक दुआ मला कधी इतकी गोड वाटली नव्हती. बाई, अजून नातेवाईक आठव, मी मनात म्हणत होते. अजान संपली. निवेदकाचा आवाज आला, आणि तो मी जिवाच्या आकांतानं, एक अक्षर न सांडता आणला: "ही राजधानी आणि परिसराची वेळ होती. इतर प्रांतांतल्या श्रोत्यांनी आपापली स्थानिक वेळ पाळावी."

मग एकदम तीन दारं उघडली, तीन पुरुष रस्त्याकडेला वाकले आणि थुंकले.

"गिळलास?" लखदरनं भावाला विचारलं.

"दोन."

"दोन? एवढ्यात?"

कुइदर बोनेटला टेकून उभा राहिला. त्यानं मला मुठीत धरलं. "खालती, पोरीनं घेतलं का?" त्यानं मागे न बघता विचारलं.

"नाही," गिझलाननंच उत्तर दिलं. "पण ओठाला लागलं असेल तर?"

"ओठानं रोजा मोडत नाही, सोन्या," रहमूना म्हणाली. "गिळल्यानं मोडतो. या तिघांना विचार."

तिघांचा रोजा गेला होता. ईदनंतर त्याच्या बदली एक दिवस रोजा धरायचा आणि आजही सूर्य बुडेपर्यंत तोंड बंद, असा नियमच आहे. तिघं पुन्हा गाडीत बसले. कुइदरनं मला शेवटच्या नळीपर्यंत वर ओढलं आणि बटण केसाएवढं सरकवत वहरान शोधलं. आवाज क्षीण होता, घळीच्या भिंती अडवत होत्या. त्या संध्याकाळी मला पॅरिस नको होतं, अल्जिअर्स नको होतं. जवळचं तेवढं ऐकू यावं म्हणून मी ताठ उभी राहिले.

अखेर अजान आली, खरखरीतून, लंगडत. "ही आपली," रहमूना म्हणाली. गिझलान प्यायली. तळाची अंगठी तिच्या दातांवर वाजली तशी ती हसली आणि मला वाटलं, माझ्या चारही नळ्यांत कुणीतरी शरबत ओतलं.

कप खाली ठेवून तिनं कुइदरकडे पाहिलं. "तुमचा दिवस तुम्ही एकटेच धरणार?"

"चूक माझी, मग दिवसही माझाच."

"मी धरते तुमच्याबरोबर. एकट्याला भूक जास्त लागते."

कुइदरनं उपरण्यानं चेहरा पुसला आणि गाडी सुरू केली.

ईद झाल्यावर तो बदलीचा दिवस कुइदर आणि गिझलाननं खरंच एकत्र धरला. संध्याकाळी गाडी तिलमसानला रहमूनाच्या दाराशी उभी होती, रेडिओ चालू, काचा खाली. आत हरीरा नावाच्या दाट सूपचा वास सुटला होता. अजान लागली आणि कुइदरनं खजूर उचलला. तेवढ्यात गिझलान ओरडली, "कुइदरकाका, थांबा! आधी बघून या, कुठल्या गावची आहे ती!"

सगळं घर हसलं. कुइदर मात्र मुकाट्यानं उठून बाहेर आला, गाडीत डोकं घालून काटा नीट बघितला आणि माझ्यावर हात ठेवून आत ओरडला, "वहरानची आहे! पी, पोरी!"

आता माझी चौथी नळी अडकते. कुइदर फक्त बाजारापुरती गाडी काढतो आणि रेडिओ फार मोठ्यानं लावतो, कारण आता कान त्याचे गेलेत, माझे नाहीत. मी सुखात आहे. तुमच्या जुन्या गाडीत खरखर झाली तर माझ्या बहिणीला शिव्या देऊ नका, तिच्या डोक्यात बटाटा तर मुळीच खोचू नका. तिचा पाय बघा, पत्र्याला टेकलाय का. आणि रेडिओ स्वच्छ लागला, की खजूर क्षणभर हातात धरा आणि विचारा, हा आवाज आपल्या गावचा ना?