विन्काचा आकडा

विन्काला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपण नेमक्या किती वेगाने पोहतो? वय एकतीस, त्यातली अकरा वर्षं रोज पाण्यात गेलेली. पण बेटावर पोहण्याचा तलावच नाही. धक्क्यापासून पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत किती मीटर, हे तिला शिकवणाऱ्या शीमेकाकांनाही ठाऊक नव्हतं. "समुद्राला कोण टेप लावणार गं?" असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

म्हणून स्प्लिट शहरातल्या विशेष खेळाडूंच्या स्पर्धेची तिला केवढी हौस! मोजलेला पन्नास मीटरचा तलाव आणि काकांच्या हातात घड्याळ.

सकाळी चाचणीची फेरी झाली. वेळ बघून सारख्या ताकदीचे गट पाडायचे, अशी तिथली रीत. विन्का अर्ध्यात थांबली, शेजारच्या पट्ट्यातली मुलगी जवळ येईपर्यंत थांबली, आणि मगच पुढे निघाली. दीड मिनिट! काकांनी कपाळावर हात मारला.

"अगं, पाय दुखला का?"

"नाही."

"मग घाबरलीस?"

"मी कशाला घाबरू? ती मागे राहिली होती. पाण्यात जोडीदाराला सोडायचं नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

 समुद्रातला हा नियम काकांनीच तिच्याकडून रोज घोकून घेतला होता. तलावात तो नसतो, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"आता गोची अशी," ते सार्डिन मासे घातलेला पाव तिच्यापुढे करत म्हणाले, "तुला सगळ्यात हळू पोहणाऱ्यांच्या गटात टाकलंय. आयोजकांशी भांडून आलो, पण ऐकत नाहीत. दुपारी फार जोरात पोहलीस तर सकाळी मुद्दाम चुकारपणा केला म्हणून बाद करतील. जपून पोहलीस तर पदक तुझंच."

"आणि आकडा? जपून पोहले तर तो खरा असेल?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दुपारी विन्का सुटली ती सुटलीच. भिंतीला हात लावून मागे पाहिलं, तर बाकीच्या अजून अर्ध्यातच होत्या. शेवटची पोहोचेपर्यंत ती पाण्यातच थांबली.

तिला बाद केलं. पदकं वाटताना तिला रडू आलं, अगदी हुंदके देऊन.

परतीच्या बोटीत तिने नाक पुसलं. "काका, किती?"

"एकेचाळीस सेकंद."

बोयाजवळून बोट वळेपर्यंत ती विचार करत राहिली.

"काका, चाळीस व्हायला काय करावं लागतं?"