सरळ शिवलेला पट्टा

“रविवारची मैदानी स्पर्धा मी एकटी काढते,” घार म्हणाली. “सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत, दोन्ही कॅमेरे अंगावर. दुखतंय म्हणून मधे एकदा जरी खाली ठेवले, तर सोमवारपासून टेबलावर बसून दुसऱ्यांच्या फोटोंखाली ओळी लिहीन. नाही ठेवले, तर हा विषय परत काढायचा नाही.”

वर्तमानपत्राच्या फोटो विभागाच्या प्रमुखानं मान डोलावून पैज मान्य केली. तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कॅमेरा धरायलासुद्धा तिच्याकडूनच शिकलेला. दोन वर्षांपूर्वी त्यानं मैदान सोडून खुर्ची धरली, आणि आता तिलाही खुर्चीत बसवायला निघाला होता. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय.

घार हे तिचं पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे ताई म्हणत. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर पहिलंच जास्त आवडायचं. तीस वर्षं तिच्या नजरेतून मैदानावरचं काही सुटलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र, सामन्याचा शेवटचा गोल होत असताना उजव्या हाताची बोटं मुंग्या येऊन अशी बधिर झाली की बटण दाबलंच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तो गोल होता आणि तिच्या पेपरात टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. डॉक्टर म्हणाले, मानेपाशी नस दबतेय, ओझं कमी करा. ओझं कमी करायचं म्हणजे मैदान सोडायचं, एवढं न कळायला ती कुकुलं बाळ नव्हती. आणि टेबलावर तिला बसायचं नव्हतं. तेव्हा तिनं ठरवून टाकलं की दोष पट्ट्याचा आहे, आणि पट्टा काय, बदलता येतो.

बुधवारी ती दुकानात गेली ती स्वतःचे दोन्ही कॅमेरे घेऊनच, त्यातल्या एकाला हातभर लांब लेन्स. दुकानदाराची रीत अशी, की गिऱ्हाइकाच्या गळ्यात रिकामा पट्टा घालायचा, आरशासमोर उभं करायचं आणि विचारायचं, “काही जाणवतं का?” रिकाम्या पट्ट्यानं कुणाला काय जाणवणार? तिनं प्रत्येक पट्ट्याला कॅमेरे अडकवले, दुकानात दहा-दहा फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसली आणि शेवटी सरळ फरशीवर पालथी पडली. जाड गादीचा पट्टा मऊ होता, पण सगळं वजन मानेवरच. रबरासारखा ताणणारा पट्टा हलका वाटला खरा, पण चार पावलं पळताच कॅमेरा उसळून हनुवटीवर आपटला.

“ताई, लोक घर घेतानासुद्धा एवढं बघत नाहीत,” दुकानदार म्हणाला.

“घर गळ्यात घालून पळावं लागत नाही,” ती फरशीवरूनच म्हणाली.

दीड तासानं तिनं चामड्याचा एक पट्टा निवडला. तो दोन्ही खांद्यांवरून जायचा, पाठीवर त्याची फुली व्हायची, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लटकायचा. मान मोकळी राहायची. दुकानदारानं स्वतः घालून दाखवला, तर कसा छान बसला. तिच्या अंगावर मात्र घरी पोचेपर्यंत डावी बाजू खांद्यावरून अकरा वेळा घसरली. तिनं मोजलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत नणंदेचं शिवणकाम चाले. घारीचे आठ-आठ खिशांचे सगळे शर्ट तिच्याच हातचे.

“हा पट्टा बिघडलेला दिसतोय,” घार म्हणाली. “डावी बाजू लांब कापलीय. जरा बघ.”

नणंदेनं टेप लावला. दोन्ही बाजू सारख्या होत्या. तिनं पुन्हा लावला, तरी सारख्याच. मग टेप गळ्यात टाकून ती घारीच्या खांद्यांकडे बघू लागली.

“काय झालं?”

“वहिनी, रागावणार नसशील तर सांगते.”

“रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते.”

“पट्टा सरळ आहे. वाकडी तू आहेस. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच वर आहे. बारा वर्षांपूर्वी मी पहिला शर्ट शिवला तेव्हा पाव इंच होता.”

घार हसली, पण नणंद हसत नव्हती. “मग माझे शर्ट बरे नीट बसतात?”

“डाव्या खांद्यात आतून कापडाची घडी घालते मी. दर वेळी थोडी जाड. बाहेरून कळत नाही.”

शिंप्याचं कसबच ते. अंगातली खोट कापडात जिरवायची आणि माणसाला आरशासमोर खूश करून सोडायचं. नणंदेनं ते मायेपोटी केलं होतं, यात शंका नाही, पण बारा वर्षं मूग गिळून केलं होतं. घारीला राग आला, आणि तिनं तो लपवला नाही.

“तुझ्या डोळ्यांदेखत मी वाकडी होत गेले आणि तू घड्या घालत बसलीस?”

“तुला वाईट वाटलं असतं.” नणंदेचे डोळे भरून आले. “आणि शर्ट किती छान दिसायचे गं.”

रडणाऱ्या माणसावर आणखी किती रागावणार? घार आतल्या खोलीत गेली आणि शर्ट काढून आरशासमोर उभी राहिली. खांदा वर होता. अंगावर कॅमेरा नाही, पिशवी नाही, तरी वर होता. तीस वर्षं पट्टा त्याच खांद्यावर, आणि तो घसरू नये म्हणून खांदा उचललेला. नस दुसऱ्या कुणी नव्हे, तिची तिनंच दाबली होती. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत, आणि बिचारा दुकानदार उगाच पट्टे काढून काढून दमला.

ती बाहेर आली तेव्हा नणंदेनं कात्री उचलली होती. “डावी बाजू पाऊण इंच आखूड करून देते. मग नाही घसरणार.”

“नको. ती परत घडीच झाली,” घार म्हणाली. “छातीवर एक आडवी पट्टी शिव, म्हणजे घसरायची भीती गेली. बाकी आहे तसा सरळ राहू दे.”

“मग उजवीकडे टोचेल तुला.”

“खांदा वर गेला की टोचेल. टोचू दे. तू बारा वर्षं सांगितलं नाहीस ते तो सांगेल.”

आणि तो टोचला. तीन दिवस तिनं कॅमेरे अंगावरून उतरवले नाहीत. भांडी घासताना, जिना चढताना, बाजारात जाताना. भाजीवालीनं विचारलं, भोपळ्याचा फोटो काढताय का? पहिल्या दिवशी खांदा मिनिटामिनिटाला कानाकडे निघायचा. नणंद यंत्रावरून मान न उचलता “खांदा” म्हणायची. बारा वर्षांचं न बोललेलं तिनं तीन दिवसांत बोलून घेतलं. शनिवारी संध्याकाळी सलग चार तास पट्टा टोचला नाही. चार म्हणजे दहा नव्हेत, हे घारीला कळत होतं.

रविवारी दुपारपर्यंत धावणं, उड्या, गोळाफेक, सगळं तिनं टिपलं. अडीचला करंगळीत पहिली मुंगी आली. प्रमुख नेमका तेव्हाच मैदानावर उतरत होता, आणि बाक तिच्यापासून दोन हातांवर होता. कॅमेरे ठेवायला फक्त वाकायचं होतं. तेवढ्यात उजवीकडे पट्टा टोचला. धावपळीच्या नादात खांदा वर जाऊन बसला होता. तिनं श्वास सोडला, खांदा सोडला आणि बाकाकडे पाठ केली. मुंग्या करंगळीच्या पुढे सरकल्या नाहीत. हळूहळू करंगळीतूनही गेल्या.

पाचच्या आधीची शेवटची शर्यत. घार अंतिम रेषेपाशी गुडघ्यावर बसली आणि उजेड बघायला लांब लेन्स समोर धरली. पलीकडे सहा जण कॅमेरे घेऊन ओळीनं उभे होते, वेगवेगळ्या पेपरांचे. त्यातले चार तिच्या हाताखाली शिकलेले. त्या चौघांचेही उजवे खांदे वर होते. पट्टा घसरू नये म्हणून खांदा उचलून धरायचा, हे ती प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायची. तिला कसंसंच झालं. पण धावणाऱ्या मुली वळणावर आल्या होत्या. पहिलीनं छातीनं फीत तोडली, आणि त्याच क्षणी घारीच्या बोटानं बटण दाबलं.

“जिंकलात, ताई,” प्रमुख जवळ येऊन म्हणाला. “विषय संपला.”

ती त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत होती. दोन वर्षं खुर्चीत बसूनही तो वरच होता.

“तू मैदान का सोडलंस रे?”

“बढती मिळाली म्हणून. तुम्हाला माहितेय की.”

“खरं सांग.”

त्यानं उजवा हात पुढे केला आणि मूठ वळली. शेवटची दोन बोटं अर्धवटच मिटली. “छत्तिसाव्या वर्षी,” तो म्हणाला. “कुणाला सांगणार? तुम्ही पन्नाशी ओलांडून पळत होतात.”

दोन वर्षं तिनं त्याला चारचौघांत खुर्चीवाला म्हणून हिणवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं कॅमेरे सोडवले, छातीवरची पट्टी काढली आणि पट्टा त्याच्यापुढे धरला.

“घाल.”

“ताई, मला आता काय करायचंय—”

“घाल म्हणते ना. मी तुला चुकीचं शिकवलं.”

त्यानं पट्टा चढवला. तिनं त्याला स्वतःचे दोन्ही कॅमेरे अडकवले आणि छातीवरची पट्टी लावली. त्यानं तोंड वाकडं केलं.

“कुठे टोचतंय?”

“उजवीकडे.”

“तो खांदा सोड,” ती म्हणाली आणि आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवून उभी राहिली.