इंदूबाईच्या हातचं धुणं

मी तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधीच सांगतो. मी एक जिवाणू बोलतोय. घाबरून मागे सरकू नका. माझे भाऊबंद तुमच्याच आतड्यात पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदत आलेत. मी त्यांच्यातलाच, फक्त माझी घडण निराळी. आणि 'मी' म्हणजे एकटा नव्हे, एकापासून वाढलेलं माझं सारं कुळ.

प्रत्येक जिवाच्या पोटात एक बारीक, लांब धागा असतो. जीव कसा घडायचा, कसा चालायचा, ते सारं त्या धाग्यावर असतं. तुम्ही त्याला डीएनए म्हणता. तो तुटला, की आम्ही जिवाणू आतल्या आत हाक देतो आणि दुरुस्तीला लागतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझ्या या हाकेला उजेड जोडला गेला. समुद्रात चमकणाऱ्या एका जिवाणूकडून तो आणला आणि माझ्या धाग्यात ओवला. तेव्हापासून माझा धागा तुटला, की मी निळसर चमकतो. बघणाऱ्यांना कौतुक वाटतं. मला त्या वेळी काय होतं, ते कोणी विचारत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? मला केलंच आहे त्यासाठी.

बर्फाच्या डब्यातून मी पुसदला आलो. तिथल्या एका कॉलेजात रजनी मॅडम शिकवतात. त्यांनी मला साधनाच्या हाती दिलं. साधना एम.एस्सी.ला होती, महागावकडच्या एका खेड्यातली. तिची आई इंदूबाई आदल्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेली होती. साधना त्याबद्दल बोलत नसे. पण ती मला इतकी जपायची, वेळेवर खाऊ घालायची, उबेत ठेवायची, की एकदा रजनी मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, जिवाणू आहे तो. आजारी माणूस नाही."

बोलून गेल्यावर त्यांनी स्वतःच माझी नळी उचलून उबेत नीट ठेवली.

साधनाला गावचं पाणी तपासायचं होतं. तिनं विहिरीचं पाणी आणलं, हापशीचं आणलं, नाल्याचं आणलं. ती ते माझ्या नळीत घालायची, काळोख्या खोलीत बसायची आणि वाट बघायची. मी चमकलो नाही. "आमच्या गावचं पाणी चांगलं हाये, मॅडम," ती म्हणायची. पण तिच्या आवाजात समाधान नसायचं. पाणी चांगलं, तर मग आईला झालं कशानं? हा प्रश्न ती रोज माझ्यासमोर घेऊन बसत होती, एवढं मला कळत होतं.

भाद्रपदात ती घरी गेली; तिथलं सारं मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. कपाशीवर फवारणी जोरात होती. तिचे वडील उकंडा दुसऱ्यांच्या वावरात पंप पाठीवर घेऊन रोजानं फवारणी करतात. ते संध्याकाळी आले, तेव्हा सदरा पाठीपर्यंत ओला होता. घरात नवी आलेली वहिनी, दीपा, तो सदरा घेऊन मोरीतल्या दगडाशी बसली. पिळला तेव्हा दुधाळ पाणी निघालं, आणि त्या उग्र वासानं तिनं तोंड फिरवलं. साधना बघत राहिली. कळायला लागल्यापासून तिनं याच दगडावर आईला असंच बसलेलं पाहिलं होतं. इंदूबाईनं आयुष्यात कधी पंप उचलला नव्हता. तिनं फक्त कपडे धुतले होते.

"वहिनी, थांबा," साधना म्हणाली, "एवढं पाणी मले द्या."

त्या पाण्याची नळी मला चांगली आठवते. किंवा असं म्हणू, की तिच्यात गेलेल्यांपैकी कोणी आठवायला उरला नाही. कॉलेजात परतल्यावर साधना ती घेऊन अंधारात बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं दिवा लावला आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला.

"मॅडम, यातही काही नाही."

रजनी मॅडमनी नळी उजेडात धरून हलवली. "मेलेला जिवाणू चमकत नाही, साधना. हे पाणी फार जहाल आहे. पातळ करून घाल."

साधनानं पातळ केलं. पुन्हा दिवा मालवला. या वेळी आम्ही जगलो, पण आमचे धागे तुटले, आणि आम्ही सगळे एकदम चमकलो. शेजारच्या नळीत फवारणी न पाहिलेला सदरा धुतलेलं पाणी होतं, साबण तोच. ती नळी काळीच राहिली.

मॅडम दिव्याकडे हात नेत होत्या. "नका लावू जरा," साधना म्हणाली. अंधारात ती किती वेळ रडली, ते मी सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात उकंडा डोळे तपासायला पुसदला आले आणि लेकीला भेटायला कॉलेजात डोकावले. साधना तेव्हा काळोख्या खोलीतच होती. ते दारात उभे राहून माझ्याकडे बघू लागले.

"हे काय चमकून राह्यलं?"

"जिवाणू हायेत, बाबा. त्यायच्या जिवाले आतून इजा झाली, का ते चमकते."

"कायनं झाली इजा?"

नाल्याचं पाणी म्हणून ती सांगू शकली असती. पण ती हळूच म्हणाली, "तुमचा सदरा धुतलेलं पाणी हाये."

उकंडांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. "मी तिले म्हणो, आधी माहेच कपडे धुऊन टाक, घरात वास येते. थे बिचारी बाकीचं काम टाकून बसे." मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्यानंच गेली का थे?"

"तसं सांगता येत नाही, बाबा."

ते खरं होतं. माझा धागा तुटतो, तेवढंच मला सांगता येतं. इंदूबाईचं रक्त कशानं नासलं, ते मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. पण त्या खऱ्या उत्तराचा उकंडांना काडीचाही आधार झाला नाही. ते तसेच गेले. डोळे तपासायचे राहिले.

नंतर साधनानं मॅडमना सांगितलं, बाबा आता घरापासून लांब, बरडाच्या ओसाड माळावर बसून आपले कपडे आपणच धुतात. गडी हसतात, म्हणतात, म्हातारपणी बाईचं काम कायले करतं? ते सदरा पिळत राहतात.

एकदा ते पुन्हा आले. पिशवीत इंदूबाईची साडी होती, दवाखान्यात नेण्याआधी नेसलेली. त्यांनी पदर पुढे केला. "धुणं झालं का याले हात पुसे. यात बी हाये का, पाह्यून दे."

"एक कोपरा भिजवू," रजनी मॅडम म्हणाल्या.

साधनानं साडी हातात घेतली, आणि तशीच घडी घातली. "नको, मॅडम."

"काहून वं?" उकंडांनी विचारलं.

"हाये म्हटलं तरी तुमी रडसान, नाही म्हटलं तरी रडसान. मंग कायले भिजवाची?"

ते स्टुलावर बसले. साडी मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही. मला बरं वाटलं.

आता साधनाचं काम संपलंय. माझ्यासारख्या बदललेल्या जिवाला मोरीत सोडता येत नाही, म्हणून उरलेल्या नळ्या मोठ्या कुकरसारख्या भांड्यात वाफेवर घालून मारतात. आज माझी पाळी. तक्रार नाही. साधनानं ट्रे उचललाय. मी कोणाचं काही वाईट करत नाही, तरी मला हात लावताना ती हातमोजे घालते. तसा नियम आहे. इंदूबाईसाठी असा नियम कोणी केला नव्हता.

तुमच्या घरी, शेजारी, कोणी फवारणी करून येत असेल, तर त्याचा सदरा कोण धुतं ते बघा. तिच्या हातांकडे बघा. माझ्या चमकण्याची वाट बघू नका.